परमुलखातील चित्रकारांची अंजुमन

उर्दूत संस्थेला 'अंजुमन' म्हणतात. कवींची अंजुमन आपल्याला समजते, कारण शायराला ऐकणारे लागतात. चित्रकार तर एकट्याने काम करतो, मग त्याला अंजुमन कशासाठी? १९६३ मध्ये लंडनला स्थापन झालेल्या 'इंडियन पेंटर्स कलेक्टिव्ह' या संस्थेची हकीकत वाचताना आम्हाला हा प्रश्न पडला.

संस्थापकांमध्ये गजानन भागवत, यशवंत माळी, इब्राहिम वाघ, लान्सलॉट रिबेरो ही नावे येतात. मराठी कानाला ही आडनावे परकी नाहीत. रिबेरो १९३३ मध्ये मुंबईत जन्मले. घराणे मूळचे गोव्याचे. प्रसिद्ध चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सोझा हे त्यांचे सावत्र भाऊ. दोघांची आई एकच.

यांना एकत्र येण्याची गरज का भासली? काळ पाहिला तर उत्तर मिळते. १९५५ मध्ये सोझांचे प्रदर्शन लंडनच्या 'गॅलरी वन'ने भरवले आणि त्यांचे नाव झाले. परदेशी चित्रकारांना तेव्हा काही दारे उघडी होती. परंतु 'गॅलरी वन' १९६३ मध्ये बंद झाली, आणि परदेशी चित्रकारांना जागा देणारे 'न्यू व्हिजन सेंटर' १९६६ मध्ये. कलाबाजाराची नजर अमेरिकेकडे वळली. १९६२ च्या कायद्याने राष्ट्रकुलातून येणाऱ्यांवर निर्बंधही आले. अशा वेळी एकट्या चित्रकाराला भिंत कोण देणार? चित्र काढायला खोली पुरते, पण ते दाखवायला भिंत लागते. ही अंजुमन भिंतीसाठी होती.

पुढे १९७८-७९ च्या सुमारास 'इंडियन आर्टिस्ट्स युनायटेड किंगडम' ही संस्था उभी राहिली. तिच्या स्थापनेतही रिबेरो होते. १९८७ मध्ये इंडियन आर्ट्स कौन्सिलने लंडनच्या मार्चमाँट स्ट्रीटवर 'होरायझन गॅलरी' उघडली. हक्काची भिंत मिळायला चोवीस वर्षे लागली, आणि ती गॅलरी १९९१ मध्ये बंद पडली. तरीही हे काम लहान मानू नये. परमुलखात पोटापाण्याचा उद्योग सांभाळून वर्षानुवर्षे संस्था चालवणे ही काय मेहनत असते, हे ज्यांनी मोहल्ल्यात साधे वाचनालय चालवले आहे त्यांना सांगायला नको.

परंतु समीक्षेचा धर्म केवळ कौतुकाचा नाही. १९८९ च्या नोव्हेंबरमध्ये लंडनच्या हेवर्ड गॅलरीत 'दि अदर स्टोरी' हे प्रदर्शन सुरू झाले. आशियाई, आफ्रिकी आणि कॅरिबियन वंशाच्या २४ कलावंतांना ब्रिटनच्या आधुनिक कलेच्या इतिहासात जागा देण्याचा तो मोठा प्रयत्न होता. रचनाकार होते रशीद अराईन : कराचीचे, शिक्षणाने इंजिनिअर, १९६४ मध्ये लंडनला आलेले. या चोवीसांत सोझा होते. रिबेरो, माळी, वाघ, भागवत नव्हते.

याचा दोष अराईन यांच्यावर टाकून मोकळे होणे सोपे आहे. निवड म्हटली की वगळणे आलेच. आम्हाला कारण दुसरीकडे दिसते. अराईन यांनी चित्रे दाखवली तशी लेखणीही चालवली. १९७८ मध्ये 'ब्लॅक फिनिक्स' आणि १९८७ मध्ये 'थर्ड टेक्स्ट' ही नियतकालिके त्यांनी काढली, वाद घातले, आपला इतिहास आपणच लिहिला. चित्रकारांच्या या संस्थांनी भिंत मिळवली, पण लेखणीची अशी फळी उभी केली नाही. प्रदर्शन उतरले की भिंत कोरी होते. लिहिलेले मात्र राहते.

रिबेरो यांचेच पाहा. तैलरंग लवकर वाळत नाहीत म्हणून साठच्या दशकाच्या आरंभी त्यांनी पीव्हीए या कृत्रिम चिकट द्रव्यात रंग मिसळून प्रयोग केले. अॅक्रिलिक रंगांचा सर्रास वापर अजून व्हायचा होता. हे वेळीच सविस्तर लिहिले गेले असते तर? ते २०१० मध्ये वारले आणि त्यांच्याकडे नव्याने लक्ष गेले ते त्यानंतर.

आणखी एक उणीव. 'इंडियन' या नावात गोव्याचा ख्रिस्ती, मुसलमान, हिंदू सारे सामावले, ही मोठी गोष्ट. पण त्याच नावाने लाहोर-कराचीहून आलेला शेजारी बाहेर राहिला. अन्वर जलाल शेम्झा हे उर्दूचे कादंबरीकार आणि चित्रकार १९५६ मध्ये इंग्लंडला आले होते. घर सोडल्याचे दुःख आणि बंद दारे दोघांचीही सारखीच होती. शिवाय संस्थापक म्हणून वर आलेली नावे सगळी पुरुषांची आहेत. 'दि अदर स्टोरी'तही चोवीसांत स्त्रिया चारच होत्या. दाराबाहेर ठेवल्या गेलेल्यांनी आपले दार बांधताना त्याची रुंदी पाहायला हवी.

अंजुमन चित्रकारालाही लागते, हे या हकीकतीने पटले. पण जागा मिळाली म्हणजे नोंद झाली, असे नाही. ज्यांना आपले प्रदर्शन, आपले संमेलन भरवावे लागते, त्यांनी खुर्च्या मांडण्याआधी कोण आले, काय मांडले, ते कसे होते, हे लिहून ठेवणारा माणूस नेमावा. तो मांडणाऱ्यांची नुसती स्तुती करणारा नसावा.