दुःखसागरातील सुखावती : एक परीक्षण

रोग्याविषयी लिहिणे आणि रोग्याच्या मुखाने लिहिणे ह्या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. पहिलीस सहानुभूती पुरते. दुसरीत लेखकाच्या सचोटीचीच कसोटी लागते. आणि ज्या रोगाने रोग्याची जीभच लुळी केली आहे, त्या रोगाविषयी लिहिताना ही कसोटी फारच कठीण होते. जपानी लेखिका इशिमुरे मिचिको यांचा ‘कुगाइ जोदो’ हा १९६९ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ ह्याच कसोटीवर पारखून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ग्रंथाच्या नावातील दोन्ही शब्द बौद्ध परंपरेतले आहेत. ‘कुगाइ’ म्हणजे दुःखसागर आणि ‘जोदो’ म्हणजे अमिताभ बुद्धाची सुखावती.

ग्रंथाचे मोल कळण्यास घडलेली हकीकत थोडक्यात सांगितली पाहिजे. क्यूशू बेटावरील मिनामाता गावी चिस्सो कंपनीचा रासायनिक कारखाना होता. तेथे १९३२ पासून ॲसिटाल्डिहाइड तयार करताना पाऱ्याचा उपयोग करीत, आणि त्या क्रियेत निपजणारा मेथिल पारा सांडपाण्याबरोबर उपसागरात जाई. तो शिंपल्यांत व माशांत साठला आणि माशांवाटे कोळ्यांच्या देहांत शिरला. मांजरे झोकांड्या खात नाचू लागली व समुद्रात पडून मेली. मागोमाग माणसांचे हातपाय बधिर झाले, दृष्टीचा पल्ला आकसून नळीतून पाहिल्यासारखे दिसू लागले, तोल जाऊ लागला, वाणी अडखळू लागली. हा रोग १९५६ च्या मे महिन्यात अधिकृतपणे नोंदला गेला. कारखान्याच्याच रुग्णालयाचे प्रमुख डॉ. होसोकावा यांनी १९५९ साली कारखान्याचे सांडपाणी मांजराला चारून तोच विकार उत्पन्न झालेला पाहिला. कंपनीने ती गोष्ट दडपून ठेवली. त्याच वर्षाच्या अखेरीस तिने रोग्यांशी ‘सांत्वनाच्या रकमेचा’ करार केला. पुढे कारखाना दोषी ठरला तरी अधिक भरपाई मागावयाची नाही, असे कलम त्यात होते. सरकारने खरे कारण मान्य केले ते १९६८ साली. आणि १९७३ साली कुमामोतोच्या न्यायालयाने कंपनीस जबाबदार धरून तो करार नीतिबाह्य ठरविला.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. मज्जासंस्थेचे काही विकार असे आहेत, की त्यांत शरीराची रक्षकशक्तीच आपपरभाव विसरून स्वतःच्या मज्जातंतूंवर तुटून पडते. मल्टिपल स्क्लेरोसिस हा त्यांपैकीच एक. मिनामाताचा रोग त्या जातीचा नव्हे. येथे विष स्वतःच मेंदूतील पेशींचा नाश करते. परंतु त्या गावाच्या देहास जो विकार जडला तो मात्र पहिल्या जातीचा होता. ज्यांचे पोट कारखान्यावर अवलंबून होते असे नगरवासी परक्या विषावर न उठता आपल्याच पीडित कोळ्यांवर उलटले. इशिमुरे ह्या त्याच गावात वाढल्या असल्याने हा दुसरा रोग त्यांनी फार जवळून पाहिला, आणि तो त्यांच्या ग्रंथात पानोपानी दिसतो.

ग्रंथाची रचना विलक्षण आहे. डॉक्टरांचे अहवाल त्यांच्या कोरड्या भाषेत जसेच्या तसे येतात, आणि त्यांच्या शेजारी रोग्यांची स्वगते मिनामाताच्या बोलीत येतात. युकी ही कोळीण रुग्णालयातून बोलते. आरंभी तिचे शब्द तुटक येतात; पण हळूहळू ते अडखळणे नाहीसे होते आणि नवऱ्याबरोबर नावेतून घालविलेल्या दिवसांची आठवण अखंड ओघाने वाहू लागते. दुसऱ्या एका प्रकरणात एक म्हातारा आपल्या नातवाविषयी बोलतो. त्या मुलास आईच्या उदरातच विषबाधा झाली असून त्याला एकही शब्द उच्चारता येत नाही. आजोबा बोलतो आणि नातू ऐकतो, एवढाच तो प्रसंग आहे. पण तो वाचून मन सुन्न होते.

ही स्वगते शब्दशः टिपून घेतलेली असावीत असे वाचकांनी बहुधा गृहीत धरले. परंतु ती तशी नव्हेत, हे संपादक वातानाबे क्योजी यांनी पुढे उघड केले. रोगी मनात जे बोलत होते ते शब्दांत मांडले म्हणजे असे होते, असा लेखिकेचा खुलासा होता. मग ही साक्ष खोटी म्हणावयाची काय?

आक्षेप क्षुल्लक नाही. ज्या काळी कंपनी प्रत्येक वस्तुस्थिती नाकारीत होती, त्या काळी रचलेले एक वाक्यही रोग्यांच्या विरुद्ध वापरले जाण्याचा संभव होता. तथापि दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. युकीचा केवळ उच्चार जसाच्या तसा लिहिला असता, तर कागदावर उरले असते ते एक लक्षण. आणि ते तर डॉक्टरांच्या अहवालात आधीच होते. विषाने जिभेची हालचाल बिघडविली होती. तिची स्मृती, तिचा समुद्र, तिचा नवरा ही विषाने हिरावून नेली नव्हती. ती दाखविण्यास दुसरा मार्ग नव्हता असे आम्हांस वाटते. शिवाय वस्तुस्थितीचा भार लेखिकेने स्वगतांवर टाकलेला नाही. तो अहवालांनीच वाहिला आहे. स्वतः इशिमुरे ह्या ग्रंथास स्वतःलाच ऐकविलेल्या जोरुरीसारखा, म्हणजे गायिलेल्या आख्यानासारखा, म्हणतात. आख्यानकाराने पात्राच्या तोंडी घातलेल्या बोलांस आपण असत्य म्हणत नाही.

तरीही दोन दोष सांगितल्यावाचून राहवत नाही. हे आख्यान आहे, हे पहिल्या आवृत्तीतच निःसंदिग्धपणे सांगणे हे वाचकाचे ऋण होते. ते फेडण्याचे काम दुसऱ्यावर पडावयास नको होते. आणि कारखान्यापूर्वीचा समुद्र त्यांनी असा रंगविला आहे, की कोळ्यांचे दारिद्र्य त्या रंगांत झाकून जाते. गमावलेल्या वस्तूचे मोल सिद्ध करण्यास ती निष्कलंक होती असे दाखविण्याची गरज नसते.

ह्या ग्रंथास १९७० साली सत्यकथनात्मक लेखनाचे पारितोषिक देऊ केले असता लेखिकेने ते नाकारले. पुढे १९७३ मध्ये त्यांस मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्याकडे विनोबांना १९५८ साली मिळालेला तोच हा पुरस्कार. लेखिका २०१८ साली निवर्तल्या. पाऱ्याच्या वापरास आळा घालणाऱ्या २०१३ च्या आंतरराष्ट्रीय करारास मिनामाताचेच नाव दिलेले आहे. तो करार पाऱ्याचे प्रमाण मोजील. मुक्या नातवासमोर आजोबा काय बोलला, हे मात्र करारात सापडावयाचे नाही. त्यासाठी वाचकाने हा ग्रंथच हाती घेतला पाहिजे, आणि कोणी तो मराठीत उतरविण्यास बसला तर त्याने पुस्तकी भाषा बाजूस ठेवून आधी कोळीवाड्यात जाऊन कान देऊन ऐकावे.