निदानचाचण्यांचे पद्धतशीर आढावे : सरासरीमागील रुग्ण

निदानचाचण्यांच्या पद्धतशीर आढाव्यात निष्कर्षाइतकेच तो कोणत्या रुग्णांवरून काढला, याच्या नोंदीला महत्त्व असते. क्षयरोगाच्या प्रतिपिंड-आधारित रक्तचाचण्यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. भारतातील खासगी प्रयोगशाळांत या चाचण्या सर्रास होत असत. स्टाइनगार्ट, पै आदी संशोधकांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात फुप्फुसाच्या क्षयाविषयीचे 67 अभ्यास तपासले. त्यांत संवेदनक्षमता, म्हणजे खरा रुग्ण ओळखण्याचे प्रमाण, 0 पासून 100 टक्क्यांपर्यंत आढळले. विशिष्टता 31 ते 100 टक्के. केवळ सरासरी छापली असती, तर चाचणी बऱ्यापैकी उपयुक्तच वाटली असती! ही तफावत आणि मूळ अभ्यासांचा निकृष्ट दर्जा उघडपणे मांडणे, हेच या आढाव्याचे बलस्थान होय. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने या चाचण्यांविरुद्ध शिफारस केली व जून 2012 मध्ये भारत सरकारने त्यांवर बंदी घातली.

पुढे 2018 मध्ये ‘प्रिझ्मा-डीटीए’ या 27 मुद्द्यांच्या सूचीने अशा लेखनाला शिस्त लावली. तथापि रुग्णनिवडीच्या मुद्द्यापुढे खूण केली, म्हणजे ती निवड वाचकाला उमगली असे होत नाही. कुंभारीसारख्या ठिकाणच्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरला नेमके तेच हवे असते. त्याच्यासमोरील रुग्णाच्या थुंकीत जंतू सापडलेले नसतील, तर आढाव्यातील एकत्रित आकडा त्याच्या कामाचा नाही; ‘अँडा-टीबी’ चाचणीची संवेदनक्षमता 2011 च्या आढाव्यात थुंकीत जंतू असलेल्या रुग्णांत 76 टक्के, तर नसलेल्यांत 59 टक्केच होती.