पाच लाखांचे कवच आणि रोजची गोळी

टाकवे बुद्रुकच्या या व्याख्यानासाठी जो विषय आम्ही घेतला आहे तो तुमच्या घरातलाच आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा फलक तुम्ही सगळ्यांनी पाहिला असेल. आज त्या योजनेची समीक्षा करायची आहे. पुस्तकाची करतात तशीच. म्हणजे ती काय म्हणते, काय गृहीत धरते आणि कुठे गप्प बसते, हे बघायचं. समीक्षा म्हणजे शिव्या देणं नव्हे, म्हणून आधी जमेची बाजू.

ही योजना जुलै २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर आली, तेव्हा आपला पुणे जिल्हा तिच्यात आला. २०१७ मध्ये तिला फुल्यांचं नाव मिळालं. २०२० पासून केंद्राच्या आयुष्मान भारतशी तिची सांगड घातली गेली. दीड लाखाची मर्यादा पाच लाखांवर नेण्याचा आणि पिवळ्या-केशरी कार्डाची अट काढून पांढऱ्या कार्डवाल्यांनाही सामावून घेण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. त्या निर्णयाने १,३५६ उपचार तिच्या यादीत आले. हृदयाचं ऑपरेशन, कॅन्सर, डायलिसिस. एकेकाळी या आजारांनी शेताचा तुकडा विकला जायचा. तो ज्यांचा वाचला, त्यांच्यासमोर योजनेला नावं ठेवायचं धाडस आम्ही करणार नाही.

आता शब्दांकडे वळू. योजनेचा आवडता शब्द आहे ‘कवच’. कवच म्हटलं की आपल्याला कर्ण आठवतो. पण कर्णाचं कवच जन्मापासून अंगावर होतं, आणि हे कवच अंगावर चढतं ते माणूस रुग्णालयात दाखल झाल्यावर. साधारणपणे खाट मिळाली तर कवच मिळतं. डॉक्टरला नुसतं दाखवणं, रक्त तपासणं, महिनोन्महिने गोळ्या घेणं, हे जवळपास सगळं कवचाच्या बाहेर राहतं. घरचा हिशेब मांडून बघा. ऑपरेशन आयुष्यात एखादं, गोळी मात्र रोजची. देशाच्या आरोग्यखर्चाचे अधिकृत आकडे सांगतात की २०१३-१४ मध्ये एकूण खर्चातला ६४ टक्के लोकांच्या खिशातून जात होता, तो २०२१-२२ मध्ये ३९ टक्क्यांवर आला. सुधारणा खरी आहे. पण जे ३९ टक्के अजून खिशातूनच जातात, त्यात औषधांचा वाटा मोठा आहे.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. सरकारचा पैसा मर्यादित आहे, लहान खर्च माणूस कसाबसा सोसतो, मोठ्या खर्चाने घर बुडतं, मग विमा मोठ्या खर्चालाच असावा. तर्क सरळ वाटतो. त्यात एक गृहीत लपलं आहे : लहान आजार आणि मोठा आजार हे दोन वेगळे आजार आहेत. शरीराला हा भेद मान्य नाही. मधुमेहाची, रक्तदाबाची गोळी परवडली नाही म्हणून सोडली, की काही वर्षांनी अनेकांची मूत्रपिंडं जातात. मग योजना धावून येते आणि डायलिसिसचे पैसे भरते. गोळीला पैसे नाहीत, गोळी चुकल्याच्या परिणामाला आहेत! ही काटकसर नव्हे. आगीचा बंब विकत घ्यायचा आणि विहीर बुजवायची, असला हा हिशेब आहे.

कुणी म्हणेल, गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात की. बरोबर आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार निःशुल्क आहेत. म्हणजे खरा प्रश्न विम्याचा नाहीच, तो या केंद्राचा आहे. तिथे डॉक्टर आहे का, औषध शिल्लक आहे का, की ‘बाहेरून आणा’ म्हणून चिठ्ठी मिळते? तमिळनाडूने १९९४ मध्ये औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ उभारलं आणि सरकारी दवाखान्यांचा पुरवठा मार्गी लावला. महाराष्ट्राने असं प्राधिकरण करण्याचा कायदा केला तो २०२३ मध्ये.

आता आपल्या खोऱ्याकडे बघू. खांडी, सावळा, डाहुली, वडेश्वर इथल्या माणसाला आधी टाकव्याला उतरावं लागतं, मग कान्हे, मग तळेगाव किंवा पिंपरी-पुणे. उपचारांची यादी त्याच्या हातात आहे, पण मध्ये रस्ता आहे, पावसाळा आहे, बुडालेली मजुरी आहे. पाच लाख हा आकडा पुण्यात आणि खांडीत सारखाच छापला जातो, त्याचं मोल मात्र सारखं नसतं. आमच्या तत्त्वज्ञानात औपचारिक अधिकार आणि वापरता येणारा अधिकार असा फरक करतात. तो शिकायला विद्यापीठात जायची गरज नाही, अंदर मावळात राहणं पुरेसं आहे.

आणि दारं तरी किती! टाकव्याच्या कारखान्यात कामाला असाल तर ईएसआय. त्याला २०१७ पासून महिना २१ हजारांची वेतनमर्यादा आहे, आणि कंत्राटदाराने नाव नोंदवलं, हप्ता भरला, तरच ते दार उघडतं. धर्मादाय रुग्णालयात गेलात तर दहा टक्के खाटा निर्धनांसाठी आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. त्याची योजना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये घालून दिली. तिसरं दार फुल्यांच्या योजनेचं, तिथे आरोग्यमित्राला गाठायचं. चौथं सरकारी दवाखान्याचं. प्रत्येक दारावर प्रश्न एकच : तुम्ही कोण, कागद दाखवा. ‘तुम्हाला काय होतंय’ हा प्रश्न त्यानंतर. आजारी माणसाला आधी आपली जात सिद्ध करावी लागते. जन्माची जात नव्हे, कागदाची.

केनेथ अ‍ॅरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ मध्येच दाखवलं होतं की वैद्यकीय सेवा ही बाजारातल्या इतर मालासारखी नाही, कारण आपल्याला काय हवं आहे ते रोग्याला ठाऊक नसतं आणि विकणाऱ्याला ठाऊक असतं. त्याच्याही आधी, १९४६ मध्ये, भोर समितीने आपल्याकडे मांडलेलं तत्त्व असं होतं की पैसे नाहीत म्हणून कुणी उपचारावाचून राहू नये. त्यासाठी तिने विमा सुचवला नव्हता, खालपासून उभी राहणारी सार्वजनिक सेवा सुचवली होती. १९७० पासून जामखेडला आरोळे दांपत्याने गावातल्याच बायकांना शिकवून ती कशी उभी राहते ते दाखवलं. म्हणजे उत्तर परदेशातून आणायचं नाही, ते अहिल्यानगर जिल्ह्यात आहे.

राहिलं नाव. १८९७ च्या प्लेगमध्ये डॉ. यशवंत फुल्यांनी हडपसरजवळ माळावर दवाखाना थाटला. सावित्रीबाई रोग्यांना तिथे आणत होत्या, आणि त्यातच १० मार्चला त्या गेल्या. दवाखाना रोग्यापर्यंत जातो, ही फुल्यांच्या घरातली आरोग्यनीती. त्यांच्या नावाच्या योजनेला तीच कसोटी लावली तर आमचा निष्कर्ष असा : योजना टिकावी, पण तिने आरोग्यव्यवस्थेची जागा घेऊ नये. विमा हे छप्पर आहे, प्राथमिक केंद्र हा पाया. छपराचा खर्च वाढतो आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पाया कोण भरणार, एवढंच विचारायचं आहे.

ते विचारायची जागा मुंबई नाही, पुढची ग्रामसभा आहे. प्रश्न तीनच ठेवा : आपल्या केंद्रात रक्तदाबाची आणि साखरेची गोळी गेले तीन महिने सलग मिळाली का? रात्री डॉक्टर असतो का? रुग्ण कल्याण समितीचा पैसा कशावर खर्च झाला? उत्तरं लेखी मागा.