आले, आलों, झाले!

पुस्तकाचं परीक्षण लिहिण्यापूर्वी ते पुस्तक वाचलेलं असावं की नाही, याबद्दल जाणकारांत मतभेद आहेत. मी मध्यममार्गी माणूस. ज्या पुस्तकाबद्दल आज लिहितो आहे, त्यातला एक धडा मी वाचलाय. मात्र तो चार वेळा वाचलाय. बँकेत वीस वर्षं कारकुनी केल्यामुळे ‘सही जुळत नाही’ या शेऱ्यापलीकडे माझी समीक्षा कधी गेली नाही, हेही आधीच कबूल करून टाकतो.

पुस्तक आमच्या कन्येचं आणि फ्रेंच भाषेचं. अकरावीला तिने मराठी सोडून फ्रेंच घेतलं. म्हणाली, “बाबा, स्कोअरिंग आहे.” मी बी.कॉम. झालेला माणूस, मार्कांचा प्रश्न आला की भाषेच्या अभिमानाला मी सस्पेन्स अकाउंटला टाकतो. आई मात्र म्हणाली, “ज्ञानोबा-तुकोबांत मार्क मिळत नाहीत होय?” तिला उत्तर द्यायचं होतं, पण तेवढ्यात लोकलची वेळ झाली. (आमच्या लोणावळ्यात अडचणीच्या प्रश्नांना लोकलची वेळ होते.)

ते पुस्तक पाच वर्षं माळ्यावर सुखात होतं. गेल्या महिन्यात मी ते खाली काढलं, त्याला कारण घडलं. रात्री जेवताना कन्येने वरण वाढून घेता घेता सांगितलं, “मी पुढच्या वर्षी फ्रान्सला शिकायला जाणार आहे.” सौ.च्या हातातला डाव हवेत थांबला. मी ‘बरं’ म्हणालो. मी सगळ्यालाच आधी ‘बरं’ म्हणतो आणि मग घाबरतो. रात्री झोप लागेना, तेव्हा आठवलं, हिच्या पुस्तकात एक धडा होता, ‘फ्युत्यूर प्रोश’ म्हणजे जवळचा भविष्यकाळ. म्हटलं, किती जवळचा ते तरी पाहू.

धडा इंग्रजीतून फ्रेंच शिकवतो. कृती अगदी मॅगीइतकी सोपी. ‘आले’ म्हणजे जाणे, या क्रियापदाची वर्तमानकाळी रूपं घ्यायची, त्यांच्यापुढे हवं ते क्रियापद मूळ रूपात ठेवायचं, की भविष्यकाळ तयार. ‘मांजे’ म्हणजे जेवणे. तर ‘झ वे मांजे’, मी जेवायला जातो, म्हणजेच जेवणार आहे. जेवायचं नसेल तर ‘न’ आणि ‘पा’ हे दोन नकार ‘वे’च्या दोन्ही अंगांना उभे करायचे: ‘झ न वे पा मांजे’. जेवणाला हातही लावायचा नाही. रूपं पाठ करायची ती अशी: झ वे, त्यू वा, इल वा, नूझालों, वूझाले, इल वों.

इथे मी चष्मा पुसला. ‘आम्ही जातो’ हे त्यांचं ‘आलों’, तेही जुन्या मराठी पुस्तकांत असायचं तसं अनुस्वारासकट. ‘तुम्ही जाता’ हे ‘आले’. नुसतं ‘जाणे’ हेसुद्धा ‘आले’. आणि धड्याच्या शेवटी बारीक टायपात, मी हे करणार होतो असं म्हणायचं असेल तर ‘झाले’! आमच्या ऑफिसात नेमकं हेच चालतं. ‘ते स्टेटमेंट झालं का?’ ‘झालं, साहेब.’ म्हणजे करणारच होतो. सी.ए.आय.आय.बी.ची परीक्षा मी गेली पंधरा वर्षं याच अर्थाने ‘झाले’ करून ठेवली आहे.

आणखी एक गंमत म्हणजे हे ‘आले’ क्रियापद एका घराण्यातलं नाहीच. ‘वे’, ‘वा’ हे लॅटिनच्या एका क्रियापदाचे वारस, साध्या भविष्यातलं ‘इरे’ दुसऱ्याचं, आणि ‘आलों-आले’ कुठून आले यावर पंडित अजून भांडताहेत. आपण हसायला नको. आपलं ‘जातो’ कुठलं आणि ‘गेला’ कुठलं? जाणाऱ्याचं गोत्र कोणत्याच भाषेत धड लागत नाही.

पण आता समीक्षा. माझी तक्रार या धड्यातल्या एका वाक्याबद्दल आहे. पुस्तक म्हणतं, हा काळ ‘लवकरच’ घडणाऱ्या गोष्टींसाठी वापरावा आणि दूरच्या गोष्टींसाठी साधा भविष्यकाळ. वाक्य सुटसुटीत आहे, पाठ करायला सोपं आहे, आणि अर्धवट आहे.

पुरावा मला काउंटरवरच मिळाला. लोणावळ्यात 1924 साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम काढलं, तेव्हापासून योग शिकायला परदेशी माणसं येत असतात. त्यांतल्या एक फ्रेंच बाई पैसे बदलायला आल्या होत्या. मी नोटा मोजता मोजता विचारलं. त्यांनी खिडकीतून नागफणीकडे बोट दाखवलं. ढग डोंगर गिळत खाली उतरत होता. त्या म्हणाल्या, “इल वा प्लव्वार.” पाऊस पडणार आहे. हे दिसतंय म्हणून म्हणायचं. ढग नसताना उद्याचा अंदाज सांगायचा तर साधा भविष्यकाळ. मग म्हणाल्या, दहा वर्षांनी मी निवृत्त होणार आहे, हेसुद्धा ‘वे’ लावून म्हणता येतं, कारण ते आजच ठरलेलं आहे. दहा वर्षं, आणि म्हणे जवळचा!

मी नोटा पुन्हा पहिल्यापासून मोजल्या, कारण डोक्यात भलतंच मोजलं जात होतं. अहो, हे तर आपल्या घरचं आहे! ‘तिला मूल होईल’ आणि ‘तिला मूल होणार आहे’ यांतला फरक शेजारच्या काकूंना कोणत्या व्याकरणाने शिकवला? पहिला आशीर्वाद आहे, दुसरी बातमी. फ्रेंचमध्येही अगदी हाच फरक, याच उदाहरणात. ‘पाऊस येईल’ हे पंचांग म्हणतं. ‘पाऊस येणार आहे’ हे वाळत घातलेल्या पापडांकडे धावणारी आई म्हणते. त्या ‘आहे’मध्ये सगळं आहे. गोष्ट उद्याची, पण तिचं मूळ आज जमिनीत दिसतंय. घड्याळाचा यात संबंध नाही.

माझ्या भाषेत सांगायचं तर साधा भविष्यकाळ म्हणजे पुढच्या तारखेचा चेक, आणि ‘फ्युत्यूर प्रोश’ म्हणजे क्लिअरिंगला गेलेला. गंमत अशी, की फ्रेंचांचा तो साधा भविष्यकाळसुद्धा मुळात जोडकामच. क्रियापदाला ‘माझ्याकडे आहे’ हे चिकटवून झालेला. ‘पार्तिरे’ म्हणजे ‘मला जायचं आहे’, असा त्याचा जुना हिशेब. एक भविष्य देणे बाकीतून निघालं, दुसरं चालू लागण्यातून. आमच्या खतावणीत भविष्याला दोनच शब्द, येणे आणि देणे. जाणे हे खातंच नाही.

म्हणून माझा आक्षेप नुसता त्या ‘लवकरच’वर नाही. आमच्या कन्येला हा काळ दोन वर्षांची होती तेव्हापासून येतो. पुस्तकाने तो तिला इंग्रजीच्या ‘गोइंग टू’मधून नेऊन परत आणून विकला, म्हणजे मळवलीला जाण्यासाठी आधी मुंबई गाठायची. ‘पोरी, हे तुझं -णार आहे’ एवढी एक ओळ छापली असती तर पान वाढलं नसतं. आणि ती ओळ सांगू शकणारा विषय तिने नेमका मार्कांसाठी सोडलेला. ही चूक पुस्तकाची नाही. ‘बरं’ मी म्हणालो होतो.

मोरो केशव दामल्यांनी 1911 साली ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ एवढा जाडजूड ग्रंथ लिहून ठेवला. आपल्या व्याकरणात ‘संनिहित भविष्यकाळ’ असं भारदस्त नावही आहे. ‘तुम्ही पुढे व्हा, मी येतोच’ हा वर्तमानकाळ, ‘मी आलोच’ हा तर चक्क भूतकाळ, आणि बोलणारा अजून लुंगीत. फ्रेंच माणूस भविष्यात जातो. मराठी माणूस जागचा न हलता तिथून परत आलेला असतो. लोणावळा स्टेशनवरची ती अदृश्य बाईसुद्धा ‘थोड्याच वेळात फलाटावर येत आहे’ असं म्हणते, तो आमचा फ्युत्यूर प्रोश. तो किती प्रोश, हे मळवली-कामशेतच्या पासधारकांना विचारावं.

खुद्द फ्रेंचांच्या जवळच्या भविष्याचा मावळाला जुना अनुभव आहे. 1777 साली सँ-ल्युबँ नावाचा एक फ्रेंच गृहस्थ पुण्यात येऊन नाना फडणविसांना सांगत होता, की आमची फौज येणार आहे. इंग्रजांनी त्याची एवढी धास्ती घेतली की ते बोरघाट चढून आले. 1779 च्या जानेवारीत कार्ल्याला त्यांचा इष्टुर फाकडा पडला आणि वडगावला तह करून त्यांना हात चोळत परतावं लागलं. फ्रेंच फौज तेव्हाही ‘येणार’च होती. नानांना ‘येणार’ आणि ‘येणार आहे’ यांतला फरक कळत असावा. आहे त्या मराठी फौजेवर त्यांनी भागवलं.

एवढा अभ्यास झाल्यावर मी कन्येचं ते वाक्य पुन्हा तपासायला घेतलं. ‘जाईन’ म्हणाली असती, तर मी झोपलो असतो. जाईन, बघेन, घेईन ही सगळी आपली पुढच्या तारखेची. ‘जाऊ का?’ म्हणाली असती, तर वडीलपणा करता आला असता. ती म्हणाली, ‘जाणार आहे’. तेव्हा मी त्या ‘आहे’ची पडताळणी केली. टेबलावर पासपोर्टचा भरलेला अर्ज. कपाटावर पुण्याच्या आल्यांस फ्राँसेझची पावती. आईच्या फडताळातून लोणच्याची कृती उतरवून घेतलेला कागद, आणि तो मराठीत, सुवाच्य अक्षरात. नागफणीवर ढग उतरलेलाच होता. मीच पापड गोळा केले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लोकल गाठायला निघाली. दप्तर खांद्यावर, एक चप्पल पायात, एक शोधते आहे.

“जाते गं आजी!”

“जाते नाही म्हणू, कितीदा सांगितलं. येते म्हणावं.”

“अगं, त्यांच्यात जाण्यालाच आले म्हणतात. बाबांना विचार.”

आईने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

“असेल त्यांच्यात,” आई म्हणाली. “तू येते म्हण.”

“येते,” ती म्हणाली, आणि दुसरी चप्पल सापडताच धावत सुटली.