वाईट प्रवासाचा चोख हिशेब

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार आपल्याकडे घरी आलेल्या पाहुण्यासारखा वागवला जातो. त्याला पाट मिळतो, गोडधोड मिळते. पण घरच्या कारभारात त्याचे मत कोणी विचारीत नाही. कादंबरीची चिकित्सा होते, कवितेवरून वाद झडतात. प्रवासवर्णनाची मात्र ‘वाचनीय’ या एका शब्दावर बोळवण होते. याचा दोष जितका टीकाकारांकडे जातो तितकाच तो लेखकांकडेही जातो. आपला प्रवासी लेखक सुखरूप परत येतो, आणि परत आल्यावर त्याला जे सांगावेसे वाटते ते बहुधा त्या सुखरूपपणाविषयीच असते.

आता तर दक्षिण ध्रुवाकडचा हिमप्रदेशही सहलीच्या टप्प्यात आला आहे. २०२२-२३ च्या एका हंगामात अंटार्क्टिकाला जाऊन आलेल्या पर्यटकांची संख्या एक लाखावर गेली. त्यांत मराठी मंडळीही असतात, आणि त्यांतली काही लिहितातही. बर्फ निळे, पेंग्विन गोजिरे, बोटीवरचे जेवण गरम. त्याबद्दल माझी तक्रार नाही. ज्याने पैसे मोजले त्याने गरम जेवावे. पण या लेखनात ‘साहस’ हा शब्द ज्या सढळ हाताने पेरलेला असतो तो पाहिला, की मला अ‍ॅप्सली चेरी-गॅरार्डची आठवण होते.

माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. इंग्रजी पुस्तक मी शब्दकोश जवळ घेऊनच वाचतो, आणि म्हणून जे पुस्तक मी तीनदा वाचतो त्यात काहीतरी असलेच पाहिजे असे माझे मत आहे. ‘द वर्स्ट जर्नी इन द वर्ल्ड’ हे चेरी-गॅरार्डचे पुस्तक १९२२ साली दोन खंडांत प्रसिद्ध झाले. कॅप्टन स्कॉटच्या १९१०-१३ च्या दक्षिण ध्रुव मोहिमेचा हा वृत्तान्त. लेखक मोहिमेतल्या सर्वांत लहान माणसांपैकी एक होता. घरचा श्रीमंत, दृष्टीने अधू आणि कसल्याही शास्त्रात निष्णात नसलेला. मोहिमेला त्याने एक हजार पौंडांची देणगी देऊ केली होती. अर्ज नाकारला गेला तरी त्याने देणगी मागे घेतली नाही, आणि त्या वृत्तीवर खूष होऊन स्कॉटने त्याला घेतले. म्हणजे हाही एका अर्थी पैसे मोजून गेलेला प्रवासीच! आजच्या पर्यटकात आणि त्याच्यात फरक आहे तो पुढचा.

पुस्तकाचे नाव ज्या प्रवासावरून आले तो ध्रुवाचा प्रवास नव्हे. १९११ च्या २७ जूनला, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्यात, सूर्य महिनोन्‌महिने उगवत नसताना, विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड हे तिघे केप इव्हान्सच्या तळावरून केप क्रोझियरला निघाले. अंतर सुमारे सदुसष्ट मैल. तेवढ्याला १९ दिवस लागले. कशासाठी? तर एम्परर पेंग्विनची अंडी आणण्यासाठी. हा पक्षी भर हिवाळ्यातच अंडी उबवतो, आणि त्या अंड्यांतल्या गर्भावरून सरपटणाऱ्या प्राण्यांचे आणि पक्ष्यांचे नाते कळेल अशी विल्सनची अटकळ होती. तापमान एकदा फॅरनहाइटच्या शून्याखाली साडेसत्याहत्तर अंशांवर उतरले. आपल्या मापाने उणे साठ. दोन घसरगाड्या एकदम ओढवेनात, म्हणून एक पुढे नेऊन ठेवायची, मागे येऊन दुसरी न्यायची; एक मैल पुढे सरकायला तीन मैल चालायचे, तेही मेणबत्तीच्या उजेडात आपलीच पावले शोधीत. चेरीला चष्मा लावता येत नव्हता, कारण श्वासाने काचांवर बर्फ धरे. झोपायच्या पिशवीत घाम गोठून गोठून त्याची अठरा पौंडांची पिशवी परतीला पंचेचाळीस पौंडांची झाली होती. तंबूबाहेर येऊन मान वर करून पाहिले तर कपडे त्याच स्थितीत गोठत आणि मान तशीच राही. म्हणून बाहेर पडताच गाडी ओढण्याच्या बेताने वाकून उभे राहायचे, हा शहाणपणा त्यांना अनुभवाने आला.

हे सगळे तो सांगतो कसे, हा खरा प्रश्न आहे. दुःखाचे वर्णन करताना लेखकाला दोन मोह पडतात: एक आवाज चढवण्याचा, दुसरा आवाज मुद्दाम दाबण्याचा. पहिला आपल्याकडे फार, दुसरा इंग्रजांकडे फार. स्कॉटच्या रोजनिशीत हा दुसरा मोह जागोजाग दिसतो. मरणाच्या दारातसुद्धा त्याला वाचकाचे भान आहे, आणि म्हणूनच ते लेखन भव्य वाटते व किंचित परकेही. चेरी-गॅरार्ड यांपैकी काहीच करीत नाही. तो वजने देतो, अंश देतो, तास देतो. दात फुटले, हे तो ज्या स्वरात सांगतो त्याच स्वरात शेगडीत तेल किती उरले तेही सांगतो. वाण्याच्या वहीत जमाखर्च एकाच शाईने लिहिलेला असतो, तसे हे गद्य आहे.

केप क्रोझियरला त्यांनी दगडांची एक खोपटी रचली, वर कॅनव्हास ताणला. पाच अंडी मिळाली. दोन वाटेतच चेरीच्या हातमोज्यांत फुटली. मग वादळ आले. तंबू उडाला. पाठोपाठ, विल्सनच्या वाढदिवशी, २३ जुलैला, खोपटीवरचे कॅनव्हासही फाटून गेले, आणि तिघे पिशव्यांत पडून, अंगावर बर्फ साचू देत, भजने म्हणत राहिले. तंबूवाचून परतणे अशक्य होते. वादळ ओसरल्यावर तो तंबू बॉवर्सला उताराखाली सुमारे अर्ध्या मैलावर सापडला. त्यानंतर बॉवर्सने काय करावे? त्याने रात्री तंबूला दोरी बांधून तिचे दुसरे टोक स्वतःला बांधून घेतले. पुन्हा तंबू गेलाच तर त्याच्याबरोबर आपणही जाऊ! कादंबरीकार म्हणून सांगतो, हे मला सुचले नसते; आणि सुचले असते तरी वाचकाला पटणार नाही म्हणून मी ते खोडले असते.

पण मला सर्वांत मोलाची वाटते ती दुसरीच गोष्ट. या पाच आठवड्यांत तिघांपैकी कोणी रागावून बोलले नाही, ‘कृपा करून’ आणि ‘आभारी आहे’ हे शब्द शेवटपर्यंत चालू राहिले, याची लेखक आवर्जून नोंद करतो. बॉवर्सने आपले न वापरलेले पिसांचे अस्तर त्याला देऊ केले, तेव्हा ते घेताना वाटलेली लाजही तो लपवीत नाही. शौर्याची वर्णने पुष्कळ वाचली. सभ्यतेचे इतके तपशीलवार वर्णन मी क्वचितच वाचले आहे. धैर्य हे स्वभावात असू शकते, पण उणे साठ अंशांत ‘आभारी आहे’ म्हणणे हे निश्चयाने करावे लागते, आणि लेखकाला हा फरक कळलेला आहे.

अंड्यांचे पुढे काय झाले, तेही त्याने लिहिले आहे. १९१३ साली तो उरलेली तीन अंडी घेऊन लंडनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात गेला. तिथल्या अधिकाऱ्याला त्यांचे काहीच वाटले नाही. पोचपावतीसाठी त्याला ताटकळत बसवले गेले. हा प्रसंग नाटकातल्या संवादासारखा लिहिला आहे, आणि त्यात शेजारी राहणाऱ्या बर्नार्ड शॉची सावली स्पष्ट दिसते. शॉने त्याला या पुस्तकाच्या कामी मदत केली होती. हा भाग चटकदार आहे, पण माझ्या मते बाकीच्या पुस्तकापेक्षा तो अंमळ हलका आहे. इथे लेखकाने वाचकाकडे पाहून डोळा मिचकावला आहे. एरवी तो तसे करीत नाही. १९३४ साली त्या गर्भांवरचा एक अहवाल प्रसिद्ध झाला आणि ज्ञानात त्यांनी फारशी भर घातली नाही असे त्यात निघाले. ज्या सिद्धान्तासाठी हा खटाटोप केला तोच मुळी तोवर मागे पडला होता.

याउलट, ध्रुवाहून परतताना विल्सनने बियर्डमोर हिमनदीच्या काठी जमवलेले दगड पाहा. १९१२ च्या फेब्रुवारीत, अन्न संपत आलेले, एक सोबती खचलेला, अशा स्थितीत त्यांनी पस्तीस पौंडांचे दगड गाडीवर चढवले आणि मरेपर्यंत टाकले नाहीत. त्यांत ग्लॉसॉप्टेरिस या प्राचीन वनस्पतीच्या पानांचे ठसे निघाले. ही पाने आपल्या वर्धा खोऱ्यातल्या कोळशाच्या थरांत आणि नागपूरजवळच्या कामठीच्या खडकांतही आहेत. गोंडांच्या देशावरून ज्याला गोंडवन नाव पडले, त्या एकाच प्राचीन भूमीचे हे तुकडे. चंद्रपूरकडच्या वाचकाने हा भाग वाचताना थोडे थांबावे. तसेच १९१२ च्या शोधपथकाबरोबर हिंदुस्थान सरकारने दिलेली सात खेचरे होती. गुलाब, बेगम, राणी, प्यारी अशी त्यांची नावे. स्कॉटच्या शेवटच्या तंबूपर्यंत पोचलेल्या पथकात या नावांची जनावरे होती, हे वाचून मला उगाचच ओळखीचे कोणी भेटल्यासारखे वाटले.

पुस्तकात दोष आहेत. ते फार लांब आहे, आणि लेखक इतरांच्या रोजनिशांतले उतारे जरुरीपेक्षा जास्त देतो. विल्सन आणि बॉवर्स यांच्याविषयी लिहिताना त्याची टीकाबुद्धी झोपी जाते. मात्र या उताऱ्यांतलाच एक मी कोणालाही गाळू देणार नाही. विल्यम लॅशली हा आरमारातला आगवाला. ध्रुवाच्या अलीकडून परतवलेल्या शेवटच्या तुकडीत तो, खलाशी क्रीन आणि स्कर्व्हीने आडवा झालेला लेफ्टनंट इव्हान्स असे तिघे होते. दोघांनी त्याला गाडीवर घालून ओढले. ओढवेनासे झाल्यावर लॅशली आजाऱ्यापाशी राहिला आणि क्रीन सुमारे पस्तीस मैल एकटा चालत मदत आणायला गेला. लॅशलीची रोजनिशी कोणासाठी लिहिलेली नाही. शाळेत मुलांना निबंध शिकवताना मी ज्या चुकांवर लाल रेघ मारतो त्या सगळ्या तिच्यात आहेत, आणि तरी तिच्यापुढे स्कॉटचे घडीव गद्य मला ओशाळलेले वाटते. आपल्या नावावरच्या पुस्तकात तिला जागा करून देणे, हा चेरी-गॅरार्डच्या संपादकीय बुद्धीचा मोठेपणा होय. मोहिमेच्या समितीने हा वृत्तान्त त्याच्याकडे अधिकृत म्हणून सोपवला होता. मोकळेपणाने लिहिता यावे म्हणून तो त्या बंधनातून बाहेर पडला.

आता पुस्तकाच्या मर्माकडे येतो. १९१२ च्या मार्चच्या आरंभी चेरी-गॅरार्ड आणि कुत्री हाकणारा दिमित्री हे दोघे ‘वन टन डेपो’ नावाच्या साठ्यापाशी पोचले. ध्रुवाहून येणाऱ्या स्कॉटला तिथे गाठायचे होते. बहुतेक दिवस वादळ, कुत्र्यांचे खाद्य मोजके, दिमित्री आजारी, स्वतः चेरीला दिशा काढण्याचे पुरेसे शिक्षण नाही, आणि कुत्री पुढल्या वर्षीच्या कामासाठी जपावीत अशी आज्ञा. १० मार्चला तो परत फिरला. त्या दिवशी स्कॉट, विल्सन, बॉवर्स आणि ओट्स दक्षिणेकडे जिवंत होते. ओट्स लौकरच वादळात बाहेर निघून गेला. १२ नोव्हेंबरला तंबू सापडला, तो साठ्यापासून अवघ्या ११ मैलांवर, आणि तो उघडणाऱ्यांत चेरी होता. आत विल्सन आणि बॉवर्स होते.

इतर समीक्षक या पुस्तकाला धैर्याचे स्तोत्र म्हणतात. मला ते एका माणसाने स्वतःविरुद्ध चालवलेल्या खटल्याचे कागद वाटतात, आणि त्यात वादी, प्रतिवादी आणि कारकून तोच आहे. आज्ञा काय होत्या, खाद्य किती दिवसांचे होते, कुत्री मारून पुढे जाता आले असते का, हे तो उलटसुलट तपासतो. कधी वकिलासारखा बोलतो आणि तिथे शैली कोरडी पडते. पण तो ‘माझा इलाज नव्हता’ असे म्हणून सुटत नाही, आणि ‘मीच पापी’ असे म्हणून वाचकाची दयाही मागत नाही. आपल्याकडच्या आत्मचरित्रांत दुसरा प्रकार इतका बोकाळला आहे की कबुली हीच एक बढाई झाली आहे. हिवाळी प्रवासाचे ते थंड, मोजके हिशेब त्याने इतके कसोशीने का मांडले, हे मला तिसऱ्या वाचनात उमगले: ज्या दोघांबरोबर तो अशक्य ठिकाणाहून परत आला होता, त्याच दोघांना आणायला त्याला पुन्हा पाठवले होते.

पुढची अनेक वर्षे तो मनाच्या आजाराने पिडलेला होता. १९५९ साली तो वारला. तोपर्यंत पुस्तकाच्या नव्या आवृत्त्या निघत होत्या, आणि त्यांपैकी एकीला त्याने पुरवणी जोडली, ती पुन्हा याच विषयावर.