मिझुरी पेटवेचं क्विल्ट: सारखं दिसतं म्हणजे सारखं असतं का?

मित्रांनो, सिनॉप्सिस लिहिताना आपण सगळेच एक वाक्य फार सहज लिहितो: ‘हे अमुकसारखं आहे.’ आज एका कापडाच्या निमित्ताने या वाक्याची झाडाझडती घेऊ. विषय विज्ञानाचा वाटणार नाही, पण शेवटपर्यंत वाचा. तुमच्या लिटरेचर रिव्ह्यूला उपयोग होईल.

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचं गाव आहे. नदीच्या वळणात वसलेलं, गुलामगिरीतून आलेल्या कृष्णवर्णीय शेतकरी कुटुंबांचं. तिथल्या मिझुरी पेटवेचा नवरा बरेच महिने आजारी राहून वारला. १९४२ मध्ये तिने त्याचे शेतात घालायचे कपडे घेतले, त्यांचे चौकोन आणि पट्ट्या कापल्या आणि क्विल्ट शिवलं. अंदाजे ९० इंच लांब, ६९ इंच रुंद. सुती कापड, कॉर्डरॉय आणि पोत्याचं कापड. तिची मुलगी आर्लोंझिया तेव्हा जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांची होती. आईचा हेतू पुढे तिनेच सांगितला: नवऱ्याची आठवण राहावी आणि त्याच्या मायेचं पांघरूण अंगावर असावं.

२००२ मध्ये जीज बेंडच्या क्विल्ट्सचं प्रदर्शन आधी ह्यूस्टनला आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये लागलं. त्यात हेही होतं. न्यूयॉर्क टाइम्सचे समीक्षक मायकेल किमेलमन यांनी या क्विल्ट्सचं भरभरून कौतुक केलं आणि ते करताना मातिस आणि क्ले या चित्रकारांची नावं घेतली. तेव्हापासून ही तुलना जीज बेंडला चिकटलीच.

तुलना खोटी आहे का? नाही. मोठे सपाट रंग, वाकड्या रेषा, मुद्दाम मोडलेली सममिती, हे सगळं दिसतं. या कौतुकाचा फायदाही झाला. २००६ मध्ये जीज बेंडच्या क्विल्ट्सवर अमेरिकेची टपाल तिकिटं निघाली. पण संशोधक म्हणून विचारायचा प्रश्न वेगळा आहे. ही तुलना शिफारस करते आहे की स्पष्टीकरण देते आहे? ‘हीसुद्धा मोठी कला आहे’ एवढंच म्हणायचं असेल तर ठीक. पण एखादी पट्टी तेवढीच रुंद का, या प्रश्नाला मातिसकडे उत्तर नाही. ते पँटच्या पायाकडे आहे. पाय उसवून सपाट केला की जेवढं धड कापड हाती येतं, तेवढीच पट्टी निघते. गुडघ्याशी कापड विरलेलं असतं. खिसा काढला तर त्याखालचा तुकडा गडद राहतो, कारण त्याला ऊन आणि धुणं कमी लागलेलं असतं. चित्रकार रंग निवडतो. इथे रंग आधीच ठरून आला आहे, माणसाने त्या कपड्यात किती काम केलं यावरून.

बारावीचं जीवशास्त्र आठवा. वटवाघळाचा पंख आणि फुलपाखराचा पंख दिसायला आणि कामाला सारखे, पण उगम वेगळा. वटवाघळाचा पंख आणि आपला हात दिसायला वेगळे, पण हाडांची मांडणी एकाच पूर्वजाकडून आलेली. मातिस आणि मिझुरी ही पहिली जोडी आहे. ती दुसरी असल्यासारखी वापरली की गडबड होते.

आता आपल्याकडे वळू. क्विल्टचा फोटो पाहून तुमच्या मनात काय आलं असेल? ‘अरे, ही तर आपली गोधडी!’ मला मान्य आहे की ही तुलना मातिसपेक्षा जवळची आहे. जुने कपडे, घरातली बाई, थंडी, काटकसर, माया. आजीच्या लुगड्याची गोधडी पांघरून झोपलेल्या माणसाला मिझुरी लगेच समजते. पण ‘समजते’ आणि ‘एकच आहे’ यांत फरक आहे. कृती तपासा. जीज बेंडमध्ये आधी तुकडे जोडून वरचा थर पूर्ण शिवतात. मग कापसाचा थर आणि खाली अस्तर घालून तिन्ही टाचतात. आपल्या गोधडीत सहसा जुनी लुगडी आणि धोतरंच थरावर थर पसरतात आणि धावदोऱ्याने आरपार शिवतात. जुनं कापडच भरण असतं. म्हणजे गोधडीत आठवण आतल्या थरांतही असते. मिझुरीच्या क्विल्टमध्ये नवऱ्याचे कपडे वरच्या थरात, डोळ्यांसमोर आहेत. फोटोवर थांबलात तर हा फरक हातातून जातो.

तिसरी तुलना सगळ्यात मोहात पाडणारी आहे. उत्तर कर्नाटकातल्या सिद्दी बायका ‘कवंदी’ शिवतात. सिद्दींचे पूर्वज आफ्रिकेतले, त्यातले काही पोर्तुगीजांच्या काळात गोव्यात गुलाम म्हणून आणलेले. जीज बेंडचे पूर्वजही आफ्रिकेतले. दोन्हीकडे रंगीत तुकडे. झालं, ‘आफ्रिकन मूळ’ सापडलं! थांबा. कवंदी काठापासून आत मध्याकडे शिवत जातात, तुकडे बसवणं आणि टाचणं एकाच वेळी. शिवाय शेजारच्या बिगर-सिद्दी घरांतही जुन्या कपड्यांच्या गोधड्या होतातच. मग शेजाऱ्यांकडून काय आलं आणि पूर्वजांकडून काय, हे आधी वेगळं काढावं लागेल. पूर्वज एक असणं हे गृहीतक मांडायला पुरेसं आहे, सिद्ध करायला नाही. खुद्द जीज बेंडमध्ये असंख्य लोकांचं आडनाव पेटवे आहे. ते रक्ताच्या नात्याने आलेलं नाही, तिथल्या मळ्याच्या मालकाचं नाव गुलामांना लागलं. आडनावांवरून वंशवृक्ष काढणारा तिथे पहिल्याच दिवशी फसेल.

माझा मुख्य मुद्दा आता येतो. समजा तुलना बाजूला ठेवून आपण फक्त कापड पाहिलं. दुःख दिसेल? नाही. कामाच्या कपड्यांची क्विल्ट्स जीज बेंडमध्ये अनेकींनी शिवली, थंडी होती आणि दुसरं कापड नव्हतं म्हणून. ल्युटिशा पेटवेचं डेनिमच्या पट्ट्यांचं क्विल्ट मिझुरीच्या क्विल्टशेजारी ठेवा. विटलेले निळे रंग, झिजलेले भाग दोन्हीकडे आहेत. शोक कशात आहे हे सूक्ष्मदर्शकाखालीही कळणार नाही. मिझुरीच्या क्विल्टचं नोंदीतलं नावही मांडणी आणि कापड एवढंच सांगतं: चौकोन, पट्ट्या, कामाचे कपडे.

म्हणजे ‘हे आठवणीचं क्विल्ट आहे’ या विधानाचा आधार आर्लोंझियाचं बोलणं हा आहे. आता कुणी म्हणेल, अनेक दशकांनंतरची तोंडी आठवण, तिच्यावर काय भरवसा ठेवायचा? रास्त शंका. पण कशासाठी भरवसा, हे आधी ठरवा. नेमक्या तारखेसाठी ती कच्ची असू शकते. आईने ते का शिवलं यासाठी मात्र घरातल्या मुलीपेक्षा जवळचा साक्षीदार कुठून आणणार? कापड झीज सांगतं, मुलगी हेतू सांगते. एकाचं काम दुसऱ्याकडून करून घेऊ नका. हे किती खोलवर नेता येतं ते पाहायचं असेल तर लिसा गेल कॉलिन्स यांचं २०२३ चं पुस्तक बघा. या एका क्विल्टवर अख्खं पुस्तक आहे.

आर्लोंझिया २००८ मध्ये गेली. त्याआधी कुणी विचारलंच नसतं तर आज आपल्याकडे कामाच्या कपड्यांचं एक सुंदर क्विल्ट असतं आणि मातिसची तुलना असती. नवरा कुठेच नसता.

तर दोन कामं. एक, सिनॉप्सिसमधलं प्रत्येक ‘सारखं’ शोधा आणि समोर लिहा: दिसायला सारखं, घडण्याच्या कृतीत सारखं, की उगमात सारखं? प्रत्येकाला पुरावा वेगळा लागतो. दोन, घरात जुनी गोधडी असेल आणि ती शिवणारी आजी, मावशी, काकू बोलायला असेल, तर फोनचं रेकॉर्डिंग चालू करा. कुणाचं लुगडं, कोणत्या साली, आधी काय शिवलं, का शिवलं, एवढं विचारा आणि तारीख घालून ठेवा. गोधडी आणखी वीस वर्षं टिकेल. ही उत्तरं तेवढी थांबतीलच असं नाही.