टीका कीं कुरकुर ?

मराठींत ‘टीका’ हा शब्द दोन अर्थांनीं नांदतो. ज्ञानेश्वरी ही गीतेवरील टीका; आणि ताटांतल्या भाजीला नांवें ठेवणें हीहि टीकाच. आमच्या जालना जिल्ह्यांतील जांब गांवीं १६०८ मध्यें जन्मलेल्या समर्थांच्या दासबोधांत श्रोता पावलोपावलीं आशंका काढतो आणि वक्ता ती मनावर घेऊन उत्तर देतो. आशंका काढली म्हणून श्रोत्यास कोणी उठवून लावीत नाहीं.

मुक्त संगणक-प्रणालींच्या जगांत डोकावतांना ह्या मर्यादेची आठवण होते. अशा प्रणालीची मूळ संहिता सर्वांस उघडी असते. कोणींहि ती वाचावी, बदलावी, दुसऱ्यास द्यावी. रचणारे पुष्कळदां बिनवेतन राबतात. वापरणारे मात्र दुकानांतल्या गिऱ्हाइकाच्या तोऱ्यानें बोलतात. रचणारेहि कांहीं कमी नाहींत. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स ह्यांनीं सहकाऱ्यांस लिहिलेल्या जहरी पत्रांबद्दल सप्टेंबर २०१८ मध्यें जाहीर क्षमा मागितली. हा उशिरा आलेला विनय आम्हांस तरी खोटा वाटत नाहीं.

पण अविनयाची खरी किंमत ‘एक्सझेड’ प्रकरणांत दिसली. संगणकावरील मजकूर आंवळून लहान करणारी ही प्रणाली एकटा गृहस्थ फावल्या वेळांत सांभाळीत असे. २०२२ मध्यें ‘काम हळू चालतें, दुसऱ्यास द्या’ असा तगादा त्याच्यामागें लागला. आपलें मनःस्वास्थ्य ठीक नाहीं, हें त्यानें सांगूनहि तो थांबला नाहीं. शेवटीं मदतीस आलेल्या ‘जिया टॅन’ नांवाच्या इसमाच्या हातीं किल्ल्या गेल्या, आणि त्यानें आंत चोरवाट ठेविल्याचें मार्च २०२४ मध्यें उघड झालें. तगादा लावणारेहि त्याच कटांतले असावेत, असा दाट संशय आहे. इतर कुरकुरणाऱ्यांच्या गलक्यांत त्यांचा आवाज वेगळा ओळखूं आला नाहीं, ही गोष्ट आम्हांस चोरीहून लाजिरवाणी वाटते. ती चोरवाट सांपडली तीहि एका वापरणाऱ्यासच : आंद्रेस फ्रॉइंड ह्यांस आपल्या यंत्रांत प्रवेश मिळण्यास अर्धा सेकंद अधिक लागतो असें दिसलें, त्यांनीं नेटानें मूळ शोधलें आणि पुराव्यासह लिहून कळविलें. ही टीका पहिल्या अर्थाची.

घरचें उदाहरण घ्यावयाचें तर अक्षरांचें. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ ह्यांतला र टंक बनविणाऱ्यानें वेगळा राखला नाहीं, तर डोंगरांतल्या दऱ्यांत समुद्र शिरतो. ‘तुमचा टंक भिकार आहे’ ह्या वाक्यानें तो ओसरत नाहीं. कोणता टंक, कोणती आवृत्ति, कोणता शब्द, एवढें लिहावें लागतें. त्यावर ‘संहिता उघडीच आहे, तुम्हीच सुधारा’ असें उत्तर मंठ्याच्या शाळेंत प्रश्नपत्रिका तयार करणाऱ्या शिक्षकास देणें, हाहि उर्मटपणाच.

प्रस्तुत लेखकानें ह्याच ‘दऱ्या’वरून एका टंककारास एकदां तिखट पत्र लिहिलें होतें. उत्तर आलें तें दोन ओळींचें, आदरार्थी : आपली आवृत्ति कोणती, तें कळवावें. पाहतों तों आमच्याच यंत्रांत जुनी प्रत; नव्या प्रतींतून तो दोष केव्हांच गेलेला. एवढें उलट कळविण्यास आम्हांस आठ दिवस लागले.